पुढल्या वर्षाचे पीक : हिरवळीच्या खताच्या लेखन-इतिहासाची काही पाने

१

शेतीविषयक ग्रंथांकडे साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. वळलाच तर व्हर्जिलच्या काव्यापाशी किंवा लोकगीतांतील पेरणी-मळणीच्या वर्णनांपाशी थांबतो. खताविषयीचे लेखन त्याला कृषिमहाविद्यालयाच्या हवाली करावेसे वाटते. प्रस्तुत निबंधात अशाच एका उपेक्षित विषयाचा मागोवा घ्यावयाचा आहे. काही पिके कापणीसाठी नव्हे, तर मातीसाठी पेरली जातात. ती फुलोऱ्यावर आली की नांगराने मातीत गाडली जातात, किंवा मुख्य पिकाच्या आधी, नंतर अथवा त्याच्या ओळींमधून जमीन झाकून ठेवण्यासाठी वाढविली जातात. पहिल्या प्रकाराला मराठीत ‘हिरवळीचे खत’ म्हणतात, तर दुसऱ्यासाठी ‘आच्छादन-पीक’ हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे. या दोन्ही प्रकारांत पेरणाऱ्याच्या हाती त्या वर्षी काहीच येत नाही. बियाणे, मशागत आणि वेळ हे सारे आज खर्ची पडते व फळ पुढल्या पिकाच्या रूपाने मिळते. या कृतीविषयी गेली सुमारे तेवीसशे वर्षे निरनिराळ्या भाषांत, गद्यात व पद्यात, उपदेशाच्या, अहवालाच्या आणि प्रक्षोभाच्या सुरात लिहिले गेले आहे. या लेखनाची तुलना करता एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : हा उपदेश कोणाला केला जात आहे, आणि त्याचे पुढले वर्ष त्याच्या मालकीचे आहे काय?

आरंभी शब्दांचा विचार करणे इष्ट. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत ‘बेवड’ किंवा ‘बिवड’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एका पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, जो पुढल्या पिकाला लाभतो, तो त्या पिकाचा बेवड. भुईमुगाचा बेवड गव्हाला चांगला, मुगाचा बेवड ज्वारीला चांगला, असे बोलले जाते. एका पिकाचे दुसऱ्या पिकाशी असलेले नाते सांगणारा हा शब्द आहे. ‘हिरवळीचे खत’ या संज्ञेत हे नाते लोपते व पीक एक वस्तू बनते. शेणखत, पेंडीचे खत, तसे हिरवळीचे खत. ‘आच्छादन-पीक’ या संज्ञेत मातीचे उघडेपण मध्यवर्ती येते. म्हणजे एकाच व्यवहाराकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी आहेत : नात्याची, द्रव्याची आणि संरक्षणाची.

वनस्पतींच्या नावांतूनही असाच एक धागा हाती लागतो. हिरवळीच्या खतासाठी भारतात सर्वत्र पेरला जाणारा ताग हा संस्कृतात ‘शण’, हिंदीत ‘सनई’, तेलुगूत ‘जनुमु’, कन्नडात ‘सेणबु’. ही नावे मुख्यत्वे दोराची व गोणपाटाची आठवण जागवतात, कारण हे झाड तंतूसाठी प्रसिद्ध होते. मराठीत तर घोटाळा आणखी वाढतो. बंगालच्या जूटलाही आपण पाठ्यपुस्तकात ‘ताग’च म्हणतो. शेतातल्या या तागाला ‘बोरू’ असेही नाव आहे आणि लेखणीचा बोरू ही मात्र निराळी वनस्पती. म्हणजे मातीला दिलेल्या सेवेवरून या वनस्पतीला नाव पडले नाही. बाजाराला दिलेल्या वस्तूवरून पडले. भाषेच्या कोशात आणि बाजाराच्या वहीत जिची नोंद होत नाही, अशी ही सेवा आहे. तिचा इतिहास म्हणूनच ग्रंथांच्या कडेकडेने शोधावा लागतो.

२

या व्यवहाराचा युरोपातील एक जुना स्पष्ट उल्लेख ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस (इ. स. पू. सुमारे ३७१–२८७) याच्या वनस्पतिविषयक ग्रंथाच्या आठव्या भागात आढळतो. घेवडावर्गीय बाकला हे पीक जमिनीला जड होत नाही, उलट खतासारखे उपयोगी पडते, आणि म्हणून मॅसिडोनिया व थेसली येथील लोक ते फुलावर असतानाच जमीन नांगरतात, अशी नोंद तो करतो. येथे लेखकाचा पवित्रा निरीक्षकाचा आहे. तो उपदेश करीत नाही. अमुक प्रांतातले लोक असे करतात, इतकेच सांगतो. ज्ञान लोकांचे आहे, नोंद तत्त्वज्ञाची आहे, आणि दोहोंमधील अंतर लपविलेले नाही.

रोमन लेखकांकडे आलो की सूर बदलतो. थोरल्या केटोच्या शेतीविषयक पुस्तकात (इ. स. पू. सुमारे १६०) जमिनीला खत देणाऱ्या पिकांची त्रोटक यादी येते : ल्युपिन, बाकला आणि व्हेच. ही जमीनदाराने कारभाऱ्याला द्यावयाच्या आज्ञांची भाषा आहे. कारणमीमांसेला तीत जागा नाही. व्हॅरोने इ. स. पू. ३७ मध्ये ऐंशीच्या घरात असताना लिहिलेला ग्रंथ संवादाच्या रूपात आहे आणि त्याचा पहिला भाग त्याने आपली पत्नी फुंडानिया हिला अर्पण केला आहे, कारण तिने नुकतीच शेती विकत घेतली होती. काही पिके चालू वर्षाच्या उत्पन्नापेक्षा पुढील वर्षावर नजर ठेवून पेरावीत, असा विचार व्हॅरो सुस्पष्टपणे मांडतो. जमीन हलकी असेल तर ल्युपिन शेंगा धरण्याआधीच खताऐवजी नांगरून टाकतात, असे तो नमूद करतो. पीक आणि काळ यांचा संबंध त्याने नेमका पकडला आहे.

व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मध्ये (इ. स. पू. २९ च्या सुमारास) हाच विषय काव्यात येतो. पहिल्या सर्गात तो जमिनीला विश्रांती देण्याचा, किंवा जेथे आधी शेंगवर्गीय पीक झाले तेथे धान्य पेरण्याचा सल्ला देतो, आणि जवस, ओट व खसखस ही पिके जमीन जाळतात असे बजावतो. येथे केटोची यादी नाट्यपूर्ण झाली आहे. एका बाजूला जाळणारी पिके, दुसऱ्या बाजूला हलक्या पावलांनी येऊन जाणारी पिके, आणि मध्ये थकणारी, विसावणारी भूमी. यादवी युद्धांनी इटलीची शेती विसकटलेली असताना हे काव्य लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे भूमीच्या विसाव्याचा राजकीय ध्वनीही ऐकू येतो.

पहिल्या शतकातील कॉल्युमेला हा या परंपरेतील सर्वांत चिकित्सक लेखक. त्याच्या बारा भागांच्या ग्रंथात दहावा भाग पद्यात आहे. व्हर्जिलने बागकामाचा विषय पुढच्यांसाठी सोडला, तो आपण पुरा करीत आहोत अशी त्याची भूमिका आहे. दुसऱ्या भागाच्या प्रारंभी तो एका रूढ समजुतीचा प्रतिवाद करतो. पृथ्वी वृद्ध झाली आहे, वय झालेल्या स्त्रीप्रमाणे तिची प्रसवशक्ती संपली आहे, ही ती समजूत. कॉल्युमेला हे साम्य नाकारतो. जमीन वयाने थकत नाही. ती पोषणाअभावी व आपल्या दुर्लक्षामुळे थकते, आणि पुन्हा सांभाळली तर पुन्हा देते. एका रूपकाचे खंडन करून तो शेतकऱ्याची जबाबदारी प्रस्थापित करतो. शेतीशास्त्राचा हा युक्तिवाद अलंकाराच्या चिकित्सेतून उभा राहिला आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य नोंदवावी.

मात्र फुंडानिया असो वा कॉल्युमेलाचा शेजारी पब्लिअस सिल्व्हिनस, या ग्रंथांचा संबोधित वाचक जमिनीचा मालक आहे. नांगर धरणारे हात बहुधा गुलामाचे वा कुळाचे आहेत. पुढल्या वर्षाकडे पाहण्याचा सल्ला ज्याला दिला आहे, त्याला पुढले वर्ष मिळणार याची खात्री आहे.

३

चीनमध्ये सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिया सिशिए या अधिकाऱ्याने ‘छीमिन याओशू’ हा ग्रंथ लिहिला. सामान्य जनांच्या निर्वाहासाठी महत्त्वाची तंत्रे, असा त्याच्या नावाचा साधारण अर्थ. ९२ प्रकरणांच्या या ग्रंथात हिरवळीच्या खताची कृती इतक्या तपशिलाने येते की रोमन लेखक तुलनेने मोघम वाटावेत. जमीन सुधारण्यासाठी मूग सर्वोत्तम, त्याखालोखाल लाल चवळीसारखे दिसणारे अझुकी आणि तीळ. पाचव्या-सहाव्या महिन्यात दाट पेरावे, सातव्या-आठव्या महिन्यात नांगरून गाडावे, मग वसंतात राळ्यासारखे धान्य घ्यावे. त्याचा गुण रेशीमकिड्यांच्या विष्ठेइतका व मुरलेल्या खताइतका असतो, असे तो सांगतो. आपण घरातील पोरासोरांना शिकविण्यासाठी लिहीत असल्याने भाषा अलंकृत केलेली नाही, असेही प्रस्तावनेत म्हणतो. ही विनयाची रूढ उक्ती असेल. तरीही तिच्यात गद्याविषयीची एक निश्चित धारणा आहे. जे ज्ञान हाताने करावयाचे आहे, ते ठसठशीत शब्दांत, कानाशी लागून सांगितल्यासारखे सांगावे, ही ती धारणा.

पूर्व आशियात हा व्यवहार काव्याच्या अंगणातही पोहोचला. भात कापल्यावर हिवाळ्यात खाचरांतून वाढणारी आणि वसंतात गुलाबी-जांभळ्या फुलांनी शेते भरून टाकणारी ‘रेंगे’ ही शेंगवर्गीय वनस्पती जपानी हायकूत वसंताचा ऋतुवाचक शब्द म्हणून मान्य आहे. हायकूचा वाचक जी फुले पाहतो, ती भातलावणीपूर्वी मातीत जाणारी आहेत. क्षणभंगुरतेच्या प्रचलित सौंदर्यदृष्टीला येथे एक व्यावहारिक अर्थ प्राप्त होतो : फूल नाहीसे होत नाही, ते भात होते. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग याने १९०९ मध्ये चीन, कोरिया व जपानचा प्रवास केला. १९११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात हीच वनस्पती कालव्यातील गाळाबरोबर थरावर थर रचून कुजविणाऱ्या चिनी शेतकऱ्यांचे वर्णन आहे. प्रवासवर्णन आणि कृषिपुस्तिका या दोन वाङ्मयप्रकारांचा असा संयोग विरळाच.

भारतीय परंपरेकडे पाहताना सावध राहावे लागते. ‘कृषिपराशर’ या संस्कृत पद्यग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. त्यात खताचे महत्त्व ठामपणे सांगितले आहे. पण तेथे खत म्हणजे शेण. माघात उकिरडा उकरावा, उन्हात वाळवून चूर्ण करावे, फाल्गुनात शेतातील खड्ड्यांत भरावे, पेरणीच्या वेळी पसरावे, असा त्याचा क्रम आहे. ज्या संस्कृतीत गोधन हा शेतीचा कणा, तेथे खताचा ग्रंथविचार गोठ्याभोवती फिरावा, हे स्वाभाविक होय. तथापि, कडधान्याची फेरपालट आणि मिश्र पेरणी ही शेतकऱ्यांच्या हाताची सवय होती. ‘बेवड’सारखा शब्द त्याचीच साक्ष देतो. ग्रंथात जे आले नाही ते बोलीत टिकले.

याला आणखी एक कारण संभवते. आपल्या वाङ्मयात क्षेत्र आणि बीज या जोडीला मोठे रूपकमूल्य आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, असा वाद उपस्थित करून, परक्या क्षेत्रात पेरलेल्या बीजाचे फळ क्षेत्राच्या मालकाचे, असा निर्णय दिला आहे. भक्तिवाङ्मयातही शुद्ध बीज आणि त्याचे गोमटे फळ यांचा संबंध वारंवार येतो. या सर्व योजनेत बीज कर्ता, भूमी ग्रहण करणारी आणि फळ हे दोहोंचे साध्य आहे. हिरवळीच्या पिकात ही योजना उलटते. तेथे बीज पेरायचे ते फळासाठी नव्हे. बीजानेच क्षेत्राला घडवायचे आहे. रूढ रूपकाच्या चौकटीत न बसणाऱ्या व्यवहाराला काव्यात जागा मिळणे कठीण जाते, असा तर्क येथे करता येईल. त्याची भाषाभाषांतून तपासणी होणे अगत्याचे आहे.

४

एकोणिसाव्या शतकात या जुन्या अनुभवाला प्रयोगशाळेने हात घातला. अल्सेसमधील आपल्या शेतावर बुसँगो याने पिकांच्या फेरपालटीतील नत्राचा ताळेबंद मांडून, शेंगवर्गीय पिकांनंतर नत्र वाढलेले दिसते, असे १८३८ च्या सुमारास दाखविले. लीबिगच्या १८४० च्या ग्रंथाने वनस्पतीच्या पोषणाचा विचार खनिजांच्या जमाखर्चाच्या भाषेत रुजविला. पुढे त्याने जमिनीतून घेतलेले परत न करणाऱ्या शेतीला ‘लूट’ म्हटले. कोडे सुटले ते १८८६ ते १८८८ या काळात. हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी वाळूच्या कुंड्यांत वाटाणा वाढविला. निर्जंतुक वाळूत तो नत्राअभावी खुरटला, परंतु शेतातील थोड्या मातीचा अर्क घालताच मुळांवर गाठी धरून जोमाने वाढला. बायेरिंक याने १८८८ मध्ये त्या गाठींतील जिवाणू वेगळे केले. हवेतील नत्र वनस्पतीच्या उपयोगी रूपात आणण्याचे काम हे जिवाणू करतात व त्याबदली वनस्पतीकडून साखर घेतात, हे सिद्ध झाले. ‘बेवड’ या शब्दाला आता रसायनशास्त्रीय अर्थ मिळाला. पण शब्द आणि अर्थ यांची गाठ पडली नाही. शोध जर्मन भाषेत लागला, इंग्रजी अहवालांतून हिंदुस्थानात आला, आणि ज्यांच्या अनुभवाचे तो स्पष्टीकरण देत होता, त्यांच्यापर्यंत उपदेशाच्या रूपाने पोहोचला.

याच दशकांत महाराष्ट्रात दोन परस्परविरोधी प्रकारचे लेखन झाले. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मधला. त्यातील मातीविषयीचा विचार अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही. डोंगरांवरील गवत, पाने, फुले आणि मेलेल्या जीवजंतूंचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन मुरत असे, ते आता वाहून जाते. म्हणून सरकारने पलटणीतील व पोलिसांतील मनुष्यबळ लावून ताली व बंधारे घालावेत, अशी त्यांची सूचना आहे. जंगलखात्याने गुरांची कुरणे व गावाचा पालापाचोळा हिरावल्याची तक्रारही ते तेथेच करतात. फुल्यांना मातीची झीज हा निसर्गाचा क्रम वाटत नाही. ती सत्तेच्या रचनेतून येते, असे ते दाखवितात. कॉल्युमेलाने वृद्धत्वाचे रूपक नाकारून दोष शेतमालकाच्या दुर्लक्षावर ठेवला. फुल्यांनी आळशी व अडाणी शेतकऱ्याचे रूपक नाकारून दोष सरकार व भटशाही यांच्यावर ठेवला. युक्तिवादाची घडण समान, पण वक्त्याचे स्थान नेमके विरुद्ध.

कोकणातील ‘राबा’चा वाद याच काळातला. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी दाढीच्या जमिनीवर शेण, फांद्या, पाला व गवत पसरून जाळण्याची ती पद्धत. त्यासाठी लागणारी झाडांची छाटणी जंगलखात्याला मान्य नव्हती. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील या तक्रारींची चौकशी १८८५ ते १८८७ या काळातील मुंबई वन आयोगासमोर झाली. पाला जाळावा की गाडावा हा प्रश्न शास्त्राचा खराच. परंतु पाला कोणाचा, हा प्रश्न त्याआधीचा होता.

दुसरे लेखन सरकारी अहवालाचे. ब्रिटनच्या शाही कृषिसंस्थेचा सल्लागार रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्हेलकर १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो प्रांताप्रांतांत फिरला आणि येथील शेतकरी मागासलेला आहे, ही समजूत त्याने मोठ्या प्रमाणावर चुकीची ठरविली. फेरपालट, मिश्र पिके, जमिनीची पारख यांतील त्यांचे कौशल्य त्याने मोकळेपणाने वाखाणले, आणि शेण जाळावे लागते ते सरपण नाही म्हणून, हेही नोंदविले. असूडातील संताप आणि व्हेलकरचा संयम यांत शैलीचे अंतर प्रचंड आहे. तरीही शेतकऱ्याला ज्ञान नाही म्हणून माती झिजते हे म्हणणे दोघांनाही टिकाऊ वाटत नाही. फरक उपायाच्या पत्त्यात आहे. व्हेलकर शासनाला शिफारस करतो, फुले शासनाला जाब विचारतात.

५

फुल्यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. त्या मुक्तीनंतर तेथील शेतात काय घडले, हे पाहिल्याविना आपली तुलना पुरी होत नाही. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्य दक्षिणेतील कापसाच्या शेतांवर बटाईदार झाले. बियाणे, अवजारे, किराणा सारे उधारीवर आणि तारण उभ्या कापसाचे. सावकार व मालक दोघांनाही कापूसच हवा असे. त्याच त्या पिकाने जमीन निकस झाली. स्वतः गुलामगिरीत जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये अलाबामातील टस्कीगी संस्थेत आला आणि त्याने या शेतकऱ्यांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका लिहिण्यास आरंभ केला. १९०३ ची पुस्तिका चवळीविषयी आहे, १९०५ ची झिजलेली जमीन पुन्हा कशी उभारावी याविषयी. विकत घ्यावे लागणार नाही असे खत, म्हणजे चवळीसारखी पिके, जंगलातला पाला आणि दलदलीतला गाळ, हा त्याच्या उपदेशाचा गाभा. थिओफ्रास्टसपासूनच्या या परंपरेत जमिनीचा मालक नसलेला वाचक येथे केंद्रस्थानी येतो.

आणि येथेच या उपदेशाची मर्यादाही उघडी पडते. कार्व्हरने चवळीचीच शिफारस का करावी? कारण चवळी खाता येते, गुरांना घालता येते आणि उरलेली मुळे मातीला देता येतात. ज्याच्याकडे पुढल्या वर्षाची शाश्वती नाही, त्याला संपूर्ण पीक गाडून टाका असे सांगता येत नाही. उपदेशाला वाचकाच्या दारिद्र्याशी तडजोड करावी लागली, आणि ती कार्व्हरने अतिशय समंजसपणे केली.

तीस वर्षांनी अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात नांगरून उघडी पडलेली माती अवर्षणात वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ कुप्रसिद्ध आहे. त्याच महिन्यात मृदासंधारणाचा कायदा होऊन ह्यू बेनेट याच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र खाते स्थापन झाले. माती उघडी ठेवू नये, हे तत्त्व त्यानंतर शासकीय धोरणाचा भाग बनले. स्टाइनबेकच्या १९३९ मधील ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीत कुळांना घराबाहेर काढण्याचा जो प्रसंग आहे, त्यात कापूस जमिनीचे रक्त शोषतो हे कुळांनाही ठाऊक आहे आणि मालकाच्या प्रतिनिधींनाही. पिकांची फेरपालट करता आली तर जमिनीत प्राण परत येईल, हेही ती माणसे जाणतात. पण बँकेला थांबायला वेळ नाही. कादंबरीकाराने येथे जे दाखविले ते कृषिशास्त्राच्या पुस्तिकेत मांडता येत नव्हते : ज्ञान असूनही ते अमलात आणण्याचा अवकाश नसणे, ही शोकांतिका.

६

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात याविषयीचे सर्वांत प्रभावी लेखन अल्बर्ट हॉवर्ड याचे. १९०५ मध्ये तो बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. १९२४ ते १९३१ इंदूरच्या संस्थेचा संचालक होता. १९३१ चा शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचा ग्रंथ त्याने यशवंत वाड यांच्यासह लिहिला; ‘इंदूर पद्धत’ म्हणून ख्यात झालेल्या कंपोस्टचा हा मूळ ग्रंथ. आज हॉवर्डचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. सहलेखक वाड यांचा उल्लेख क्वचित आढळतो. साहित्याच्या इतिहासात अनुवादकाचे जे होते, तेच येथे सहकाऱ्याचे झाले आहे.

१९४० च्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’मध्ये हॉवर्ड हिरवळीच्या खताचा आंधळा पुरस्कार करीत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. मुळांवरील गाठींचे रहस्य उलगडल्यावर शास्त्रज्ञांना हा सोपा मार्ग वाटला, पण मोसमी पावसाच्या प्रदेशात निष्कर्ष अनिश्चित निघाले, असे तो सांगतो. कारण सोपे आहे. ताग साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या वेळी गाडावा लागतो. कोवळा असेल तर लवकर कुजतो. जून झाला तर काष्ठमय देठ कुजविणारे जीवाणू मातीतलेच नत्र तात्पुरते वापरून टाकतात. कुजण्यास ओल हवी, हवा हवी, वेळ हवा. पाऊस लवकर उघडला तर गाडलेला ताग कोरडा पडून राहतो. पूर्ण बागायतीत किंवा खात्रीच्या पावसात जे साधते, ते कोरडवाहू माळावर साधेलच असे नाही. महाराष्ट्रात खरिपात ताग घेऊन रब्बीला ज्वारी घेणे शक्य होते, पण ज्याचे एकच पीक आणि तेही खरिपाचे, त्याने ते गमवावे असे सुचविणे म्हणजे वर्षभराचे धान्य गाडण्यास सांगणे होय.

दरम्यान दुसरा मार्ग खुला झाला होता. हाबरने १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखविला, १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. मुळांच्या गाठी जे संथपणे करतात, ते उष्णता व दाबाच्या साहाय्याने झपाट्याने होऊ लागले. हरितक्रांतीनंतर भारतातही युरियाच्या गोणीने पुढल्या वर्षापर्यंत थांबण्याची गरज संपविली. त्याच सुमारास बैलांची जागा ट्रॅक्टर घेऊ लागला व शेणही घटत गेले. आनंद यादवांच्या १९७१ मधील ‘गोतावळा’त ट्रॅक्टर आल्यावर एकेक जनावर मळ्यातून नाहीसे होते, त्याचे चित्रण आहे. ती कादंबरी नात्यांच्या ऱ्हासाची म्हणून वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. मातीच्या बाजूने वाचल्यास ती एका पोषणचक्राच्या विघटनाचीही कहाणी ठरते.

१९७५ मध्ये जपानच्या मासानोबु फुकुओका यांचे ‘एका काडाची क्रांती’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक आले. भातानंतर हिवाळी धान्य, तळाशी कायम पांढरे क्लोव्हर, वर पसरलेला पेंढा आणि नांगराला पूर्ण फाटा, ही त्यांची रीत. १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि विश्वभारतीचा ‘देशिकोत्तम’ सन्मान मिळाला. भारतात त्यांचे पुस्तक बहुधा तत्त्वज्ञानाचे पुस्तक म्हणून वाचले गेले. आत्मकथन, प्रवचन आणि कृषिपुस्तिका यांचे ते मिश्रण असल्याने असे वाचन अपरिहार्य होते. परंतु त्यात एक गोष्ट निसटली : फुकुओका वडिलोपार्जित जमिनीवर परतले होते. प्रयोग फसण्याची मुभा असलेल्या माणसाचे ते लेखन आहे.

७

या सर्व पानांवरून नजर फिरविता मातीच्या रूपकांचा एक क्रम दिसतो. आधी थकणारी आणि विसावणारी स्त्री, मग जमाखर्चाची वही, मग लुटले जाणारे घर, आणि अखेर जिवाणूंनी भरलेला सजीव समुदाय. प्रत्येक रूपकाने एक सत्य उजळले, एक झाकले. पण पेरणाऱ्याचा हक्क हा विषय फुले, कार्व्हर आणि स्टाइनबेक यांच्या लेखनाखेरीज बहुधा झाकलेलाच राहिला.

आजही तो प्रश्न मिटलेला नाही. अमेरिकेत आच्छादन-पिकांखालील क्षेत्र २०१७ मध्ये सुमारे १.५४ कोटी एकर होते, ते २०२२ मध्ये सुमारे १.८ कोटी एकर झाले. त्यामागे सरकारी अर्थसाहाय्याचा मोठा वाटा आहे. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आच्छादन-पीक घेतलेल्या शेतांत मक्याचे उत्पन्न सरासरी सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी आढळले. मातीला लाभ आणि शेतकऱ्याला तात्पुरती तूट, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. ती तूट कोणी सोसायची, हे कृषिशास्त्र ठरवीत नाही.

महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषकदिना’ने कसणाऱ्याला मालक करण्याचे उद्दिष्ट ठेवले. पुष्कळांना जमीन मिळालीही. पण बटाईने, ठोक्याने, तोंडी कराराने एका हंगामापुरती जमीन कसण्याची रीत चालूच आहे. असा कसणारा हेक्टरी ५०–६० किलो तागाचे बियाणे आणून, पन्नास दिवस वाढवून, ते दुसऱ्याच्या मातीत का गाडील? परक्या क्षेत्रात पेरलेल्या बीजाचे फळ क्षेत्राच्या मालकाचे, हा मनुस्मृतीतील निर्णय वंशाच्या संदर्भात दिलेला होता. बटाईच्या शेतात तो शब्दशः लागू पडतो. मातीच्या आरोग्याविषयी जे काही आज लिहिले जात आहे, त्याची भाषा कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी त्याचा वाचक कोण गृहीत धरला आहे, हे तपासल्याविना त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे दोन कामे करता येतील. पहिले, ‘बेवड’सारखे शब्द भारतीय भाषांतून गोळा करून त्यांचा एकत्र विचार करणे. ग्रंथांनी ज्याची दखल घेतली नाही, ते ज्ञान या शब्दांत साठलेले आहे आणि ते बोलणारी पिढी आता थकत चालली आहे. दुसरे, शेतीविषयक पुस्तिका, अहवाल, सरकारी पत्रके यांना वाङ्मयीन साधन मानून त्यांतील वक्ता व संबोधित यांचे नाते उलगडणे. कादंबरीतील शेतकऱ्याविषयी आपण पुष्कळ लिहिले. ज्या पत्रकाने त्या शेतकऱ्याला ‘आपण असे करावे’ म्हणून सांगितले, ते पत्रकही वाचावयास हवे.